गाव जिंकलं म्हणजे नक्की काय झालं?

ट्रॅव्हियन किंवा ट्रायबल वॉर्स खेळलेली मंडळी वाचकांत असतीलच. ब्राउझरमध्ये चालणारे हे दोन्ही जर्मन खेळ, 2003-04 सालचे. सुरुवातीला एक फाटकं गाव मिळतं. लाकूड, माती, लोखंड जमवायचं, गाव वाढवायचं, शेजाऱ्याशी दोस्ती नाहीतर हाणामारी करायची. मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती म्हणजे खेळ संपतो कधी याचा नियम. ट्रॅव्हियनमध्ये जगातलं आश्चर्य 100व्या पातळीपर्यंत बांधणारा जिंकतो. ट्रायबल वॉर्सवाले तर नवीन सर्व्हर सुरू केला की हा नियमच बदलून बघतात. कुठे अमुक टक्के गावं ताब्यात हवीत, कुठे काही खास गावं ठरावीक दिवस राखून दाखवायची. नकाशा तोच, लाकूड-माती तीच. पण शेवटची रेघ हलवली की लोक पहिल्या दिवसापासून वेगळं बांधकाम करायला लागतात.

आता हाच प्रयोग महाराष्ट्रात खऱ्या गावांवर गेली पंचवीस वर्षं चालू आहे, आणि त्याचे बरेच सर्व्हर आमच्या नांदेड-लातूरकडे चाललेत. गेले दोन वीकएंड मी त्याचा इतिहास एका रांगेत लावून बघत होतो.

पहिलं व्हर्जन 2000-01 सालचं. ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील, म्हणजे आबा, यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. आयडिया साधी होती. आधी अनुदान नाही, आधी गाव स्वच्छ करा, मग बक्षीस. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या, आणि राज्यात पहिल्या येणाऱ्या गावाला 25 लाख. सरकारने फारसे पैसे न घालता गावंच्या गावं झाडू घेऊन बाहेर पडली. हे खरंच मोठं काम होतं, त्यात वाद नाही. पण जिंकायचा नियम होता नंबराचा. नंबराच्या शर्यतीत एकच पहिला येतो, आणि ज्याला तालुक्यातसुद्धा नंबर मिळायची आशा नाही ते गाव घरी बसतं. शिवाय तपासणी समिती यायची तारीख आधी माहीत असते. मग चुना, रांगोळ्या, पताका. (लातूर पॅटर्नमध्ये वाढलेल्या पोरांना वेगळं सांगायला नको, परीक्षेच्या दिवशी काय दिसलं पाहिजे ते.)

त्याच सुमारास, 2002-03च्या काळात, नगर आणि नांदेड जिल्ह्यांत दुसराच नियम लावून बघितला जात होता. मूळ कल्पना कमल कार यांची. 1999-2000 साली बांगलादेशात राजशाहीजवळच्या मोसमोइल गावात त्यांनी ती आधी वापरली होती. यात संडास किती बांधले हे मोजायचंच नाही. गावात उघड्यावर जाणारा एकही माणूस उरला आहे का, एवढंच बघायचं. म्हणजे शंभरातल्या नव्व्याण्णव घरांत संडास आहे आणि एक जण अजून तांब्या घेऊन जातोय, तर मार्क शून्य. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळ्या अटींमध्ये 'आणि' आहे, 'किंवा' कुठेच नाही. माशी काही कुणाचं घर विचारून बसत नाही, त्यामुळे ही अट शास्त्राला धरून होती. आणि तिने एक गंमत केली. वाड्यावरच्या पाटलाला पहिल्यांदाच गावाबाहेरच्या वस्तीतल्या शेवटच्या घराची गरज पडली.

2003 साली केंद्राने निर्मल ग्राम पुरस्कार जाहीर केला आणि 2005 साली पहिले पुरस्कार दिले. त्यात हीच अट होती, आणि नंबराची भानगड नव्हती. रेघ ओलांडेल त्या प्रत्येक ग्रामपंचायतीला बक्षीस, लोकसंख्येच्या हिशोबाने. पण आता उलटी अडचण आली. गाव पास व्हायचं तर शेवटचा माणूस काहीही करून हाणून आणायचा! मग पहाटेची गुड मॉर्निंग पथकं, शिट्ट्या, म्हाताऱ्याला हातात गुलाबाचं फूल देऊन लाजवणं. ज्याच्याकडे संडासाला जागा नाही, पाणी नाही, त्याचीच लाज निघाली. आणि तपासणी एकदाच. पुढे झालेल्या पाहण्यांमध्ये पुरस्कार मिळालेल्या कितीतरी गावांत लोक पुन्हा बाहेर जाताना आढळले. खेळात सर्व्हर बंद होतो, गाव काही बंद होत नाही. भाऊ वेगळे होतात, नवीन चूल मांडतात, खड्डा भरतो.

15 ऑगस्ट 2007ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आली, पुन्हा आबांचीच, आता गृहमंत्री म्हणून. तंटे मिटवणारं गाव जिंकणार. भाऊबंदकीच्या बांधावरच्या भांडणांना हा चांगलाच उपाय होता. पण एखादी गोष्ट 'नाही' हे मोजायचं असलं की सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे तिची नोंदच न करणं. सासरी मार खाणाऱ्या बाईची तक्रार गावाच्या बक्षिसाच्या आड येत असेल, तर तिला समजवायला किती जण येतील याचा विचार केला तरी मला कसंतरी होतं.

आता पाण्याकडे येतो. 12 एप्रिल 2016ला मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. त्याच उन्हाळ्यात लातूरपासून तासा-दीड तासावरच्या अंबाजोगाईत, आणि वरूड व कोरेगाव तालुक्यांत, पानी फाउंडेशनचा पहिला वॉटर कप चालू झाला. 116 गावं, पहिलं बक्षीस 50 लाख, जिंकलं कोरेगावचं वेळू. 2017 साली 30 तालुके झाले आणि औसा, निलंगा त्यात आले. त्या वर्षी आर्वीचं काकडदरा, 2018 साली माणचं टाकेवाडी, 2019 साली बार्शीचं सुर्डी.

गेम डिझाइन म्हणून बघितलं तर ही स्पर्धा सगळ्यांत विचारपूर्वक बांधलेली होती. गावातून आधी माणसं ट्रेनिंगला जायची. श्रमदानाला वेगळे मार्क, मशीनच्या कामाला वेगळे. शोषखड्डे, रोपवाटिका, पाण्याचं बजेट यांनाही मार्क. आणि 2018 साली श्रमदानाची ठरलेली मजल गाठली तर भारतीय जैन संघटनेकडून मशीन फुकट. म्हणजे लेव्हल अनलॉक! मुंबई-पुण्याची कित्येक पोरं 1 मेला खोरं घेऊन तिकडे गेली होती, ती याच खेळात.

पण शेवटची रेघ बघा. 45 दिवस, साधारण 8 एप्रिल ते 22 मे. म्हणजे पाऊस पडायच्या आधी खेळ संपला. पाणी आलं की नाही यावर मार्क नाहीत, चर आणि बांध किती आणि कसे झाले यावर आहेत. यात आयोजकांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पाऊस कुणाच्या हातात नाही, मग त्यावर मार्क कसे देणार? पण लातूरची खरी गोष्ट पावसानंतर चालू होते. खाली बेसॉल्टचा काळा दगड, पाणी धरायची कुवत मर्यादित. विहिरीला पाणी दिसलं की माणूस ऊस लावतो, आणि शेजारी आणखी खोल बोअर पाडतो. मेमध्ये जिंकलेलं गाव पुढच्या मार्चमध्ये टँकरची वाट बघू शकतं, आणि स्पर्धेच्या हिशोबात यात काहीच विसंगत नाही.

सरकारचं जलयुक्त शिवार (डिसेंबर 2014) याहून पुढे गेलं. तिथे रेघही सरकारने आखली आणि ओलांडली हेही सरकारनेच जाहीर केलं. 2020 साली कॅगने सुमारे 9,634 कोटींच्या खर्चाचा हिशोब मांडून सांगितलं की भूजलाची पातळी वाढवण्यात योजनेला फारसं यश आलं नाही.

पानी फाउंडेशनने मात्र नियम बदलला, आणि हा बदल मला या सगळ्या इतिहासातला सगळ्यात रोचक वाटतो. 2020च्या समृद्ध गाव स्पर्धेत 45 दिवसांचे दीड वर्ष झाले. जलसंधारणाबरोबर पाण्याचं बजेट, कुरणं, जमिनीचा कस हेही आलं. पुढे 2022च्या फार्मर कपमध्ये खेळाडूच बदलला. गाव गेलं, त्याजागी शेतकऱ्यांचा गट आला. पाणी खर्च कसं करायचं ते शेतात ठरतं, आणि शेत गावाचं नसतं, माणसाचं असतं. सहा वर्षांनी का होईना, पण नियम खर्चाच्या बाजूपर्यंत पोचला.

हिवरे बाजार कुठल्याही मोसमाच्या बाहेर आहे. पोपटराव पवार 1989 साली सरपंच झाले. तिथे रेघच नाही, फक्त बंधनं आहेत. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत. पाऊस कमी झाला तर पिकं कमी पाण्याची. आमच्याकडे, साखर कारखान्यांच्या पट्ट्यात, ग्रामसभेत उभं राहून ऊस नको म्हणणारा सरपंच मला अजून भेटायचाय.

मला विचाराल तर औसा-निलंग्यासाठी मी रेघ अशी आखेन: काम संपल्यावर तिसऱ्या वर्षी, मेच्या शेवटच्या आठवड्यात, गावातल्या ठरवलेल्या दहा विहिरींमध्ये पाणी किती खोल आहे. पावसाचा फरक शेजारच्या, स्पर्धेत नसलेल्या गावाच्या विहिरी मोजून वजा करता येईल. राज्याची भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजतेच, मेमध्येसुद्धा, पण त्या पाणलोटामागे असतात, गावागणिक नाहीत. बाकीचं मोजमाप गावाला स्वतः करावं लागेल. लागतं काय, तर एक दोरी, तिला बांधायला वजन, मीटरच्या खुणा आणि एक वही. आणि विहीर कुणाची, हे न बघता आत डोकावू देणारे दहा मालक. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड आहे हे मला माहीत आहे.