करार आणि फर्मान

अणदूरचा खंडोबा दोन गावांचा. वर्षातले सुमारे दहा महिने देव अणदुरात, उरलेले शेजारच्या नळदुर्गात. देव न्यायचा-आणायचा तो दोन्हीकडच्या मानकऱ्यांच्या लेखी करारावर. मुदत ठरलेली, मानपान ठरलेला.

याच गावांवर १९४८पर्यंत राज्य होते ते निजामाचे, आणि तिथे चाले फर्मान. कराराला दोन बाजू असतात, फर्मानाला एकच. हैदराबाद संस्थानात लोकांचे राज्य किती मुरले होते हे तपासायचे, तर कागद याच नजरेने वाचावे लागतात.

नुसती नावे मोजली तर निजामाकडे कशाची वाण नव्हती. १८९३ साली कायदेमंडळ आले. १९१९मध्ये ‘बाब-ए-हुकूमत’ हे मंत्रिमंडळ बसले, सर अली इमाम त्याचे पहिले अध्यक्ष. १९३७त राज्यकारभारातल्या सुधारणा सुचवायला अय्यंगार समिती नेमली गेली आणि जुलै १९३९मध्ये सुधारणा जाहीर झाल्या. त्यात निवडणूक होती, पण प्रतिनिधी गावागावांतून नव्हे, तर जहागीरदार, शेतकरी, व्यापारी, वकील अशा हितसंबंधांच्या कप्प्यांतून यायचे. मंत्री मात्र सभेला नव्हे, निजामालाच जबाबदार.

हा डाव निजामाने शोधलेला नव्हता. जर्मन साम्राज्यात १८७१पासून पंचवीस वर्षांवरच्या पुरुषांना राइश्टाग या संसदेसाठी मत होते. त्या काळात ही मोठीच गोष्ट. चॅन्सेलर मात्र कैसर नेमी. डिसेंबर १९१३मध्ये त्साबर्न गावातल्या लष्करी दंडेलीवरून सभागृहाने चॅन्सेलर बेटमान-होलवेग यांच्यावर २९३ विरुद्ध ५४ मतांनी अविश्वास दाखवला. ते १९१७पर्यंत खुर्चीवर राहिले! निवडणुकीची आकडेवारी कितीही भरघोस असो, हा एक ठराव आणि त्यानंतरची ती साडेतीन वर्षे जास्त बोलकी आहेत. सभागृहाचा विश्वास असेल तरच चॅन्सेलर, हा नियम तिथे २८ ऑक्टोबर १९१८ला झाला. बारा दिवसांत कैसरचे पदच गेले.

हैदराबादेतला सर्वांत बोलका पुरावा म्हणजे एक बंदी. स्टेट काँग्रेस या संघटनेने निजामाला हटवा म्हटले नव्हते. मागणी होती निजामाच्या छत्राखालीच जबाबदार राज्यपद्धतीची. एवढ्या सौम्य मागणीवर सप्टेंबर १९३८मध्ये, संघटना रीतसर जन्मण्याआधीच, बंदी आली. २४ ऑक्टोबरला गोविंदराव नानलांच्या तुकडीने सत्याग्रह सुरू केला. बंदी उठली ती थेट १९४६त. त्यानंतरच्या विधानसभा निवडणुकीवर स्टेट काँग्रेसने बहिष्कार टाकला, आणि कप्पे पाहता ते समजण्यासारखे आहे.

राजाला हे जमतच नाही, असे मात्र नाही. साताऱ्याकडच्या औंधला भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ साली आपले अधिकार प्रजेच्या हाती देणारी घटना लागू केली. संस्थान अवघे बहात्तर गावांचे. गमावण्याजोगे थोडे होते म्हणून सोपे गेले, असे कुणी म्हणेल; पण तितकेच छोटे संस्थान असलेल्या इतर किती संस्थानिकांनी ते केले?

सप्टेंबर १९४८मध्ये सोलापूरहून भारतीय फौजा नळदुर्गच्याच रस्त्याने हैदराबाद संस्थानात शिरल्या. २३ नोव्हेंबर १९४९ला निजामाने फर्मान काढून भारताची राज्यघटना स्वीकारली. १९५२त हैदराबादच्या १७५ जागांची विधानसभा प्रौढ मताधिकाराने निवडली गेली आणि बहुमतावर बी. रामकृष्ण राव यांचे मंत्रिमंडळ आले. राजप्रमुखपदी होते निजाम मीर उस्मान अली खानच.