टायर, दुहेरी वापराचे

खासगी मोटारीची रोजची ये-जा आणि अधूनमधूनचा ‘ट्रॅक डे’ ही दोन्ही कामे टायरच्या एकाच संचावर भागावीत म्हणून निवडलेले टायर. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. बंदिस्त सर्किटवर पैसे भरून, पंधरा-वीस मिनिटांच्या सत्रांत, आपलीच गाडी तिच्या मर्यादेपर्यंत चालवून पाहण्याचा तो दिवस. हाच उद्योग सार्वजनिक रस्त्यावर केला तर मोटार वाहन कायद्याचे कलम 189 लागू होते. सर्किटवर ते लागू होत नसले, तरी सर्वसाधारण खासगी मोटार विम्यातून संघटित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, हे ध्यानात ठेवलेले बरे. प्रस्तुत नोंदीत हा विषय वसई-विरार महापालिकेतील माणिकपूर (जि. पालघर) येथील गाडीमालकाच्या बाजूने मांडला आहे. टायर कोणता घ्यावा हे गाडीच्या मॉडेलइतकेच ती कोणत्या गावात उभी असते यावर ठरते. माणिकपूरपुरता निष्कर्ष असा, की दुहेरी वापराचा टायर आधी पावसाच्या कसोटीवर निवडावा आणि त्यात जे उरतील त्यांतून ट्रॅकसाठी पसंती करावी. हौशी मंडळी बहुधा याच्या उलट क्रमाने जातात.

माणिकपूर वसई रोड स्थानकाच्या पश्चिमेला आहे. 2009 मध्ये महापालिका होईपर्यंत नवघर-माणिकपूर ही वेगळी नगरपालिका होती. एका बाजूला वसईची खाडी, जवळच मिठागरांची सखल जमीन आणि वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या पुढे जाणारा, जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्येच कोसळणारा पाऊस, अशी इथली स्थिती आहे. जुलै 2018 मध्ये रुळांवर पाणी चढून वसई-विरारची लोकल बंद पडली होती आणि मिठागर वस्तीतली माणसे अडकून पडली होती. एरवीच्या पावसाळ्यातही अंबाडी रोडवरून निघालेली गाडी पूल ओलांडून गोखिवरे, वसई फाटा करत मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागेपर्यंत खड्डे, साचलेले पाणी आणि चिखल या तिन्हींतून जाते. दुसरीकडे, ट्रॅक म्हणावा असे या परिसरात काही नाही. मावळातला नाणोली स्पीडवे दीडशे किलोमीटरच्या आसपास पडतो. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील 3.7 किलोमीटरचे सर्किट आणि कोइमतूरचे 2.1 किलोमीटरचे कारी मोटर स्पीडवे बाराशे-तेराशे किलोमीटरवर आहेत. ग्रेटर नोएडाचे 5.125 किलोमीटरचे बुद्ध सर्किट त्याहूनही लांब. म्हणजे सर्वांत जवळच्या नाणोलीला जाणारा टायरही आधी घोडबंदर रस्ता, त्यावरचा गायमुखचा चढ आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पार करून तिथे पोहोचलेला असतो, आणि संध्याकाळी झिजलेल्या अवस्थेत त्याच वाटेने परत यायचा असतो. ट्रॅकवर वीस किंवा तीस फेऱ्या, आणि रस्त्यावर वर्षाचे उरलेले सगळे दिवस, असा हा हिशेब आहे.

पाण्याला एवढे झुकते माप देण्याचे कारण आकड्यांत पाहता येते. हजार किलोच्या हॅचबॅकचे वजन चार टायरांवर समान वाटले आणि हवा 32 पीएसआय धरली, तर प्रत्येक टायर रस्त्याला साधारण 110 चौरस सेंटिमीटर टेकतो, म्हणजे तळहाताएवढा. कोरड्या डांबरावर या तळहातावर जितके रबर असेल तितके चांगले. ओल्या रस्त्यावर मात्र त्यातला काही भाग पाणी बाहेर काढणाऱ्या खोबण्यांना द्यावाच लागतो. पाणी वेळेत निघाले नाही, की टायर त्यावर चढतो आणि स्टिअरिंग हलके पडते. हा ‘अ‍ॅक्वाप्लेनिंग’चा वेग मोजायला नासातील वॉल्टर हॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1963 मध्ये विमानांच्या टायरवरून एक सूत्र काढले. हवेच्या दाबाचे पीएसआयमधले वर्गमूळ घेऊन त्याला सुमारे 16.65 ने गुणले, की तो वेग ताशी किलोमीटरमध्ये मिळतो. 32 पीएसआयला तो 94 येतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात मोटारींना मुभा आहे ताशी 100 ची. हे सूत्र खोबण्या पाणी पचवू शकत नाहीत अशा स्थितीचे आहे. चांगल्या नक्षीचा नवा टायर त्याहून वर टिकतो, तर गोटा झालेला टायर या आकड्यापाशी किंवा त्याच्याही आधी सुटतो. ज्याला ‘सेमी-स्लिक’ म्हणतात, तो टायर कायद्याने रस्त्यावर चालणारा असला तरी त्याच्या खोबण्या मोजक्याच असतात. उथळ पाण्यात त्याचे मऊ रबर चांगले पकडते, पण रस्त्यात पाणी साचले असेल तर तो नवा असतानाच अर्धा गोटा असतो.

यावर नेहमीचा तोडगा सुचवला जातो तो रुंद टायरचा: मूळ 195 चा आकार काढून 205 किंवा 215 घाला, पकड वाढेल. कोरड्यात थोडी वाढतेही. परंतु दाब तोच ठेवला तर टेकणारे क्षेत्रफळ फारसे बदलत नाही, बदलतो त्याचा आकार. लांबट ठसा आडवा होतो. पाण्याला बाजूला सरकायला अंतर जास्त आणि वेळ कमी मिळतो, त्यामुळे रुंद टायर पाण्यावर लवकर चढतो. शिवाय रुंदीबरोबर साइडवॉल बुटकी करावी लागते. 195/55 आर16 च्या जागी 205/50 आर16 घातला तर चाकाचा व्यास सुमारे 621 मिलिमीटरवरून 611 वर येतो. दीड टक्क्याचा हा फरक स्पीडोमीटरला जाणवत नाही; खड्ड्याची कड आणि रिम यांच्यामधले रबर कमी झाल्याचे मात्र पहिल्याच पावसात कळते. साइडवॉलला टेंगूळ आलेला टायर दुरुस्त होत नाही, आणि ट्रॅकवर न्यायच्या लायकीचा तर तो मुळीच राहत नाही.

आता टायरच्या अंगावरच्या त्या आकड्याबद्दल, ज्यावर सर्वांत जास्त वाद झडतात. अमेरिकी वर्गवारीतला ‘ट्रेडवेअर’ अंक टायर किती टिकेल याचा तुलनात्मक अंदाज देतो: टेक्सासमधल्या ठरलेल्या मार्गावर 7,200 मैल चालवून, प्रमाण मानलेल्या टायरशी झीज ताडून, उत्पादक स्वतः तो ठरवतो. अंक लहान तर रबर मऊ आणि पकड जास्त, असा सोपा अर्थ त्यावरून काढला जातो. त्यात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. टोयोच्या आर888आर या टायरवर 100, ब्रिजस्टोनच्या आरई-71आरएसवर 200, मिशलिनच्या पायलट स्पोर्ट 4एसवर 300, अशी उतरंड ढोबळमानाने खरी ठरते. तरीही 200 हा आकडा निसर्गाने दिलेला नाही. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकेने आपल्या स्ट्रीट गटासाठी 200 ही किमान मर्यादा घातली, आणि त्या दारातून आत येता यावे म्हणून कंपन्यांनी शक्य तितके चिकट टायर बनवून त्यांवर 200 छापले. स्पर्धेच्या नियमातून आलेला तो प्रवेशाचा परवाना आहे. गायमुखच्या चढावर, उतरत्या ट्रेलरच्या मागे, भर पावसात तो टायर काय करील याबद्दल हा अंक चकार शब्द काढत नाही. ओल्या पकडीचा वेगळा दर्जा युरोपच्या लेबलवर ‘ए’ ते ‘ई’ असा मिळतो. भारतातही केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने 2022 मध्ये एआयएस-142 या मानकान्वये ओली पकड, लोटण्याचा रोध आणि आवाज यांच्या मर्यादा ठरवल्या. माणिकपूरच्या गिऱ्हाइकाने दुकानात विचारायचा तो ओल्या पकडीचा दर्जा. अडचण एवढीच, की टायरवाला सहसा तो सांगत नाही. मायलेज किती पडेल ते सांगतो.

मग ट्रॅकची बाजू लंगडी पडत नाही का? पडते, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. रस्त्याचा चांगला टायरसुद्धा सर्किटवर चार-पाच जोरदार फेऱ्यांनंतर तापून बुळबुळीत होऊ लागतो. नव्या टायरची सात-आठ मिलिमीटर खोल नक्षी वळणावर लवलवते, त्या हालचालीत उष्णता वाढते आणि कडेचे तुकडे निघतात. म्हणून काही देशांत शर्यतवाले नवे टायर मुद्दाम तासून घेतात. हवेचेही तसेच आहे. 30 अंशांना 32 पीएसआय भरलेली हवा 80 अंशांना जवळजवळ 40 पर्यंत जाते आणि ठसा फुगीर होतो. सेमी-स्लिक हे सगळे जास्त सोसतो, यात शंका नाही. पण तो किती उपयोगी पडेल हे गाडीवर अवलंबून आहे. आपल्याकडे ट्रॅकवर येणाऱ्या बहुतेक गाड्या पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या हॅचबॅक असतात आणि त्यांच्या पुढच्या चाकांना कॅम्बर, म्हणजे आतला कल, नावापुरताच असतो. वळणावर गाडी झुकली की सगळा भार टायरच्या बाहेरच्या खांद्यावर येतो. टायर कितीही महाग असो, खांदा आधी जातो आणि आतली अर्धी रुंदी कोरी राहते. हे दुखणे सस्पेन्शनचे आहे. त्यावर मऊ रबर लावणे म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. नवशिक्याचा पैसा आधी ब्रेक ऑइल आणि ब्रेक पॅडवर जावा, कारण ट्रॅकवर टायरच्या आधी बहुधा तेच हात टेकतात.

सर्वांत वजनदार आक्षेप दोन संचांचा आहे. पाऊस चारच महिने असतो. मग ऑक्टोबर ते मेपर्यंत चिकट टायर आणि जूनमध्ये साधे, असे का करू नये? तर्क चोख आहे. वर्षाला चार-पाचपेक्षा जास्त ट्रॅक डे करणाऱ्याने खरोखरच दुसऱ्या रिमांवर दुसरा संच ठेवावा. त्याला दुहेरी वापराच्या टायरची गरजच नाही. इतरांची अडचण जागेची आहे. माणिकपूरच्या सोसायटीत एका गाडीपुरते पार्किंग मिळाले तरी नशीब, तिथे चार चाके उन्हापावसापासून दूर आठ महिने ठेवायची कुठे? घरी एकच गाडी असेल तर ती चाके सर्किटपर्यंत न्यायला दुसरे वाहनही नसते. शिवाय पाऊस पंचांग पाहून येत नाही. मेअखेरचा वळीव आणि ऑक्टोबरातला परतीचा पाऊस नेमके त्याच दिवसांत येतात, जेव्हा चिकट संच गाडीवर असतो. महिनोन्महिने धूळ आणि तेल साचलेल्या रस्त्यावरची पहिली सर तर भर जुलैपेक्षा अधिक निसरडी असते.

दुसरा आक्षेप बाजाराचा: परदेशातले लोक ज्या टायरांची नावे घेतात ते इथे मिळतातच कुठे? हे बऱ्याच अंशी खरे आहे. मोटारीच्या टायरला भारतीय मानक आयएस 15633 नुसार आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे आणि जून 2020 मध्ये सरकारने टायरची आयात ‘मुक्त’ गटातून ‘निर्बंधित’ गटात टाकली. 15 आणि 16 इंची रिमांत मुळातच कमी बनणारे सेमी-स्लिक त्यामुळे आणखी दुर्मीळ झाले. कुठून तरी एक संच आणवला आणि चारांतला एक टायर खड्ड्यात फाटला, तर त्याचा जोडीदार मिळणे कठीण. एकाच धुरीवर दोन तऱ्हेचे टायर ट्रॅकवर चालत नाहीत आणि पावसात त्याहून नाहीत. म्हणून वसई किंवा ठाण्यात आठवड्याच्या आत एकेकटा मिळू शकेल असाच टायर घ्यावा. व्यवहारात याचा अर्थ होतो तो नामांकित कंपन्यांचा रस्त्यासाठीचा स्पोर्ट टायर: मिशलिनची पायलट स्पोर्ट मालिका, योकोहामा किंवा ब्रिजस्टोनचे त्या तोडीचे टायर, अथवा अपोलोने 2009 मध्ये घेतलेल्या व्रेडेस्टाइनचे. आकार कंपनीने दिला तोच ठेवावा, फार तर एक पायरी रुंद. लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा खाली नेऊ नये. 87 म्हणजे प्रत्येक टायरला 545 किलो. वेगाची खूण हॅचबॅकला ‘व्ही’, म्हणजे ताशी 240 किलोमीटर, असली तर उत्तम. तेवढा वेग कोणी गाठणार नसतो, पण वरच्या खुणेचा टायर उष्णता अधिक सोसतो आणि ट्रॅकवर उपयोग होतो तो त्या गुणाचा.

असा टायर सर्किटवर वागवायचा तो तीन-चार फेऱ्या जोरात आणि एक फेरी गार करायला, या लयीत. पिटमध्ये आल्यावर गरम हवा मोजून थोडी सोडतात. ती परतीच्या प्रवासाआधी पुन्हा भरणे मात्र अनेकजण विसरतात. 80 अंशांना 34 वर आणून ठेवलेला टायर गार झाला की 27 पीएसआयवर येतो आणि हॉर्नच्या सूत्राने त्याचा पाण्यावर चढण्याचा वेग 94 वरून 87 वर घसरतो. कायद्याने मोटारीच्या टायरची नक्षी 1.6 मिलिमीटरपर्यंत चालते. ती मर्यादा देशभरच्या सर्व गाड्यांसाठी आहे, वसईच्या पावसासाठी नाही. मेअखेर बाहेरच्या खांद्यावर तीन मिलिमीटरच्या खाली आलेला टायर मागच्या चाकाला लावूनही भागत नाही, कारण ओल्या रस्त्यात मागची चाके आधी सुटली तर गाडी गरकन फिरते. तो जूनच्या आत बदलावा. नवा घेताना साइडवॉलवरचे चार अंक वाचावेत: 3523 म्हणजे 2023 सालचा पस्तिसावा आठवडा. दोन-तीन वर्षे गोदामात पडून राहिलेला टायर कमी दरात मिळाला, तरी त्याचे रबर तेवढे कडक झालेले असते.