लिलिथ अलिबागेत लावायची तर

अलिबागच्या इस्रायल आळीत 'मागेन अबोथ' सिनेगॉग आहे. जुनी माणसं त्याला मशीदच म्हणत. बेने इस्रायलींची कथा आपल्याकडे बहुतेकांना माहीत असते: नवगावजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. हिब्रू विसरली, शब्बाथ, सुंता, शमाची प्रार्थना टिकली. हा कर्मठपणा नसता तर समाजच उरला नसता, हे आधी मान्य करतो.

याच समाजातल्या चित्रकार सियोना बेंजामिन. जन्म मुंबईचा, १९६०चा, शिक्षण जे. जे.मध्ये, मग अमेरिकेत. त्यांच्या 'फाइंडिंग होम' मालिकेतल्या बायका निळ्या आहेत. त्यात लिलिथ येते. ज्यू दंतकथेत ही आदमची पहिली बायको. त्याच्याखाली निजायला नकार देऊन निघून गेली. परंपरेनं तिची बाळंतिणीला छळणारी हडळ केली, तिच्याविरुद्ध ताईत निघाले. सियोनांनी तिला तालिथ पांघरला. ती प्रार्थनेची शाल सनातनी रिवाजात पुरुषच घेतात.

माझं काम सॉफ्टवेअरचं, पण अलिबागला घरी आलो की एक विचार पाठ सोडत नाही. हे चित्र इथे लावायचं तर?

पहिली हरकत येईल की धर्मात प्रतिमा वर्ज्य. पण अग्निरथातल्या एलियाहू हन्नाबींचं चित्र बेने इस्रायली घरांत वर्षानुवर्षं आहे, आणि अलिबागजवळच्या खंडाळे गावी त्यांच्या रथाची खूण दाखवतात. तेव्हा अडचण प्रतिमेची नसावी, शाल कुणाच्या खांद्यावर आहे त्याची असावी.

दुसरी हरकत मला जास्त टोचते. १९४८नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. उरलेल्या मोजक्या घरांना माझ्यासारख्या बाहेरच्यानं डिवचायचं कशाला?

इथे १९६२ आठवतं. इस्रायलच्या मुख्य रब्बींनी बेने इस्रायलींच्या लग्नाआधी आई-आजीकडच्या कुळाची चौकशी करायला सांगितली. म्हणजे संशय त्या सात बायकांवर आणि त्यांच्या लेकींवर. आंदोलन झालं, १९६४ साली हा समाज पूर्ण ज्यू असल्याचं तिथल्या संसदेनं जाहीर केलं. बायकांच्या कुळासाठी भांडलेल्या समाजाला लिलिथ अगदीच परकी वाटेल, असं मला वाटत नाही.

म्हणून आधी आळीतल्या आज्यांना छापील प्रत दाखवेन. त्या नको म्हणाल्या तर विषय संपला. हो म्हणाल्या तर चित्र एलियाहूंच्या शेजारी लावेन, त्याच उंचीवर.