हुरड्याला या

दौंडहून मनमाडकडे निघालेली गाडी भीमा ओलांडून नगर जिल्ह्यात शिरते आणि थोड्याच वेळात काष्टी स्टेशन येते. श्रीगोंदा तालुक्यातले हे गाव पंचक्रोशीला ठाऊक आहे ते शनिवारच्या जनावरांच्या बाजारामुळे. पर्यटकांच्या नकाशावर मात्र काष्टी नाही. सिद्धटेकच्या गणपतीला जाणारे दौंडलाच उतरतात, शिर्डीचे भाविक झोपेतच पुढे निघून जातात. तरीही शेतावर मुक्काम ठोकणारा परका माणूस या मुलखाला नवा नाही. ‘कृषी पर्यटन’ हा शब्द सरकारी कागदावर येण्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या रानात कोणी ना कोणी पाहुणे उतरत आले आहेत. या मुक्कामापायी पैसा, धान्य किंवा घाम कोणाच्या पदरचा गेला, हे मात्र दर काळात बदलत गेले.

न बोलावता आलेल्यांपासून सुरुवात करावी लागेल. श्रीगोंदा तालुक्यातच भीमेच्या काठी पेडगाव आहे. मोगल सुभेदार बहादूरखान कोकलताश याने तिथे बहादूरगड वसवला आणि सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मोगलांची मोठी छावणी या गावाने पाहिली. १६८९ मध्ये कैद झालेल्या संभाजी महाराजांना आणले गेले ते याच बहादूरगडावर. इतिहासाच्या पुस्तकात हा प्रसंग येतो, पण त्या छावणीचे घोडे, उंट, बैल रोज काय खात होते, हे कोणी लिहून ठेवत नाही. उत्तर आजूबाजूच्या शिवारात उभे होते. लष्कराने उभ्या पिकात तळ टाकला की कुणबी तक्रार करणार तरी कोणाकडे?

इंग्रजी अमदानीत लष्कराची जागा साहेबाच्या दौऱ्याने घेतली. थंडी सुरू झाली की कलेक्टर, असिस्टंट कलेक्टर तंबू घेऊन जिल्ह्यात फिरतीवर निघत. आमराई पाहून राहुट्या ठोकायच्या, सकाळी घोड्यावरून पिकांची आणि हद्दीच्या दगडांची पाहणी करायची, दुपारी कचेरी भरवायची असा तो क्रम. साहेबांच्या आठवणींत या दिवसांचे वर्णन मोठे रम्य असते. गावाला मात्र आठवत असे ती रसद आणि वेठ: दूध, कोंबड्या, कडबा, गाड्या आणि तंबू वाहायला माणसे. मोबदला ठरलेला असला, तरी तो कारकुना-शिपायांच्या हातून खाली झिरपताना किती उरे, हा भाग वेगळा.

पुढे लोहमार्ग आला. दौंड–मनमाड रेल्वे १८७८ मध्ये सुरू झाली आणि ‘जी.आय.पी.’च्या दोन मोठ्या मार्गांना तिने नगर जिल्ह्यातून जोडले. तो १८७६–७८ च्या भीषण दुष्काळाचा काळ होता. रेल्वेने धान्य, गूळ, जनावरे यांची वाट बदलली, पण बाजारहाट लगेच बदलला नाही. बैल रेल्वेने नव्हे, पायानेच येत. लांबच्या गावाहून शनिवारचा बाजार गाठायचा तर आदल्या दिवशीच जनावरे हाकत निघावे लागे. वाटेत विहीर आणि पेंढीभर कडबा असलेले रान पाहायचे, मालकाला रामराम घालायचा आणि बांधावर पथारी टाकायची. या मुक्कामाचे भाडे नसे. सकाळी बैल उठले की मागे शेण उरे, ते मालकाचे.

या हिशेबाचे पक्के, व्यवहारी रूप धनगरांच्या वाड्यात दिसते. पीक निघालेल्या रानात मेंढरे बसवणे हा दख्खनचा फार जुना व्यवहार आहे. पारनेर तालुक्यातल्या ढवळपुरीसारख्या गावांतले मेंढपाळ घोड्यांवर संसार लादून दिवाळीनंतर घाट उतरतात, कोकणात हिंडतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. वाटेत ज्या रानात वाघूर ताणून रात्री कळप कोंडला, त्या रानाला लेंडी आणि मूत मिळाले. त्याबद्दल शेतकरी मेंढपाळाला धान्य देई. आता बरेचदा रोख देतो. राहणाऱ्याने राहण्याबद्दल पैसे द्यायचे, हे आज आपण गृहीत धरतो. इथे नेमके उलटे आहे: मुक्काम करणाऱ्यालाच घरधनी बिदागी देतो, आणि कधी कधी चार शेतकऱ्यांत ‘आधी माझ्या रानात’ म्हणून चढाओढही लागते. कैलाशचंद्र मल्होत्रा आणि माधव गाडगीळ यांनी धनगरांच्या भटकंतीचा पर्यावरणाच्या अंगाने अभ्यास केला, गुंथर सोंथायमर या जर्मन अभ्यासकाने त्यांच्या दैवतांच्या वाटांनी हयात घालवली. खताचा हा साधा सौदा मात्र अभ्यासाच्या आधीही शाबूत होता आणि नंतरही आहे.

सगळ्याच फिरस्त्यांचे असे स्वागत होत नसे. त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. सरकारी नोकरीत गावोगाव हिंडलेल्या या माणसाने फिरस्त्यांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि गावाबाहेर पाल ठोकणाऱ्या जमातींचा भार कुणब्यावर कसा पडतो, याचा पाढा वाचला. पुस्तक आजही वाचावे असे आहे, पण त्या प्रकरणात भटक्यांविषयी जो चढा सूर लागतो तो काळाचा आहे, हे ध्यानात ठेवूनच. चारच वर्षांपूर्वी, १९११ मध्ये, गुन्हेगार जमातींचा कायदा देशभर लागू करण्याची सोय झाली होती. पालावर राहणाऱ्या माणसाला हजेरी लावावी लागणार आणि तंबूत राहणाऱ्या साहेबाला रसद पोचवावी लागणार, अशी ती व्यवस्था. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. संशय त्याच्याबरोबर रद्द झाला नाही.

ज्याला खऱ्या अर्थाने आवतण देऊन शेतावर बोलावले जाई, तो पाहुणा हुरड्याचा.

श्रीगोंदा, कर्जत, जामखेड हा मुळात रब्बी ज्वारीचा पट्टा. उत्तरा-हस्ताच्या पावसावर काळ्या रानात पेरायचे आणि पुढे जमिनीत मुरलेल्या ओलीवर पीक काढायचे. इथली लाडकी जात मालदांडी. तिच्यातूनच १९३० च्या दशकात सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रावर एम ३५-१ हे वाण निवडले गेले. उंच ताटांचा, चवीचा कडबा आणि मोत्यासारखा दाणा या दोन गुणांवर ते आजतागायत टिकून आहे. जनावरांचा बाजार भरवणाऱ्या गावाला दाण्याइतकेच ताटाचे मोल. पण हुरड्यासाठी शेतकरी मालदांडीवर विसंबत नसे. तो गूळभेंडीसारख्या गोड जातीच्या चार ओळी वेगळ्या लावी, कारण तिचा दाणा बोंडातून अलगद सुटतो.

पौष लागता लागता दाण्यात दूध भरते. दूध किंचित घट्ट झाले, पण दाणा हिरवाच आहे, अशी जी वेळ असते ती एका रानात आठवडाभराची. त्याआधी दाणा चेपतो, त्यानंतर चावावा लागतो. राखणीच्या खोपीशेजारी जमिनीत उथळ खड्डा खणायचा, गोवऱ्या पेटवायच्या, ज्वाळ बसून निखारे झाले की कणसे आत खुपसायची. ही आगटी. भाजणारा एकच असतो आणि त्याच्या कामात कोणी नाक खुपसायचे नसते. कणीस बाहेर आले की ते गरम असतानाच चोळायचे, नाहीतर दाणा बोंड सोडत नाही. म्हणून हुरड्याच्या बैठकीत कोणाचे ना कोणाचे तळहात पोळलेले असतातच. कोंडा फुंकायचा, आणि लसणाची किंवा शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही यांच्याबरोबर मूठमूठ तोंडात टाकायचे. वर ताक. मध्येच ओला हरभरा, बोरे, उसाचे कांडे. संक्रांतीच्या सुगडात जे भरतात तेच सगळे इथे रानात पसरलेले असते.

हे आवतण कोणाला? जावयाला, व्याह्याला, शहरात नोकरीला गेलेल्या भावाला, मुलाच्या मास्तरांना. तलाठ्याला आणि पतसंस्थेच्या साहेबालाही, त्यात थोडा मतलब मिसळून. ‘दाजी, हुरड्याला या बरं का’ हा निरोप गेला आणि दाजी आले नाहीत तर ते रुसवा धरण्याजोगे कारण होते. रात्री उशीर झाला तर पाहुणे खोपीतच कलंडत. पाखरांसाठी पहाटे गोफण फिरवायला राखणदार उठला की त्यांचीही झोप मोडे. यात पैसा नव्हता, पण फुकटही काही नव्हते. तयार होण्याआधीच खाल्लेले प्रत्येक कणीस खळ्यावरच्या राशीतून वजा होत होते, आणि ज्वारीच्या घरात ती वजाबाकी लहान नसते. आगटीभोवती कोण बसणार आणि कोणाला दुरून ओंजळीत मिळणार, हेही जातीच्या रेघेने ठरलेले असे. हुरड्याच्या आठवणी लिहिणारे ही बाजू बहुधा गाळतात.

मग पाणी आले. प्रवरानगरला १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखान्याचे चाक फिरले आणि पुढच्या दशकांत उसाने नगर जिल्ह्याचे रूप पालटले. घोड आणि कुकडीच्या कालव्यांनी श्रीगोंद्याची दुष्काळी ओळख बरीचशी पुसली. काष्टीच्या आसपास आज ज्वारीपेक्षा ऊस डोळ्यांत भरतो, जोडीला लिंबाच्या बागा. उसाने शेतावर मुक्कामाला आणखी एक माणूस आणला: बीड, पाथर्डीकडचा ऊसतोड कामगार. दिवाळीनंतर उचल घेतलेली जोडपी येतात, कोपी बांधतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, तिथेच राहतात. शेतावरचे सर्वांत लांब मुक्काम यांचेच. त्यांना पाहुणा मात्र कोणी म्हणत नाही.

पाहुणचाराला तिकीट लागले ते याच काळात, पण सह्याद्रीच्या पलीकडे. कर्जत तालुक्यात, म्हणजे रायगडच्या, नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा बाग उभी केली आणि १९८० च्या दशकापासून मुंबईकरांना भातखाचरे, तळ्यातले मासे आणि म्हशीच्या पाठीवरची सवारी दाखवायला सुरुवात केली. भाताच्या मशागतीविना लागवडीची सगुणा राइस टेक्निक ही पद्धतही त्यांचीच. तिथे शेती हा देखावा नसून प्रयोग आहे, हे येणाऱ्याला कळते. सह्याद्रीच्या अलीकडे हा धंदा पोचवला तो पांडुरंग तावरे यांनी. २००५ मध्ये बारामतीजवळ त्यांनी कृषी पर्यटनाचा पथदर्शी प्रकल्प सुरू केला. बारामती काष्टीपासून फार लांब नाही.

इटलीने यासाठी १९८५ मध्येच कायदा केला होता. त्यातली मुख्य अट अशी की शेतावर पाहुणे ठेवणाऱ्याचा मुख्य धंदा शेतीच राहिला पाहिजे. महाराष्ट्राचे कृषी पर्यटन धोरण यायला सप्टेंबर २०२० उजाडले, तेही करोनाने सगळ्यांना घरी बसवले असताना. धोरणाने नोंदणी दिली, बँकेच्या दारात उभे राहायला एक कागद दिला. पण शहराजवळ चार खोल्या, पोहण्याचा तलाव आणि कुंपणाला लावलेली शोभेची केळ एवढ्यावर ‘कृषी पर्यटन’ची पाटी लागते, तेव्हा इटलीची अट आठवते.

नगर जिल्ह्याने मधल्या काळात पाहुणचाराची स्वतःची एक तऱ्हा काढली होती. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार ही गावे पाणलोटाच्या कामामुळे नावारूपाला आली आणि राज्यभरातून सरपंच, शेतकरी, विद्यार्थी त्यांची शिवारफेरी करायला येऊ लागले. ते हुरडा खायला नव्हे, समतल चर आणि बंधारे पाहायला येत. वही-पेन घेऊन दुसऱ्याच्या बांधावर हिंडणारा शेतकरी हा मराठी मुलखातला सर्वांत चोखंदळ पर्यटक म्हणावा लागेल. त्याला कोणी मालक विहिरीचे पाणी वाढवून सांगू शकत नाही.

हुरडा दरम्यान रस्त्यावर आला. नगर–छत्रपती संभाजीनगर मार्गावर हिवाळ्यात हुरडा पार्टीच्या पाट्या झळकतात, पुण्याहून लोक सकाळी निघून माणशी दर भरतात, आणि आगटीशेजारी बैलगाडीची फेरी, झोका, पिठलं-भाकरीचे जेवण असा कार्यक्रम असतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने, म्हणजे याच जिल्ह्यातल्या संस्थेने, खास हुरड्यासाठी फुले उत्तरा हे वाण दिले. दाणा गोड आणि सुटायला सोपा. ज्या चार ओळी दाजींसाठी होत्या त्यांचे आता हुकमी पीक झाले.

हुकमी पिकाला मात्र आठवडाभराची मुदत परवडत नाही. म्हणून हुरड्याचा धंदा करणारे शेतकरी एकदम पेरत नाहीत. आठ-दहा दिवसांच्या अंतराने एकेक पट्टा टाकतात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत कुठल्यातरी पट्ट्यात कणीस दुधात असतेच. उत्तरा-हस्ताचा हिशेब आता ३१ डिसेंबर आणि जोडून येणाऱ्या सुट्ट्या पाहून जुळवला जातो. कणसे खुडलेली हिरवी ताटे तेवढी वाया जात नाहीत. ती गोठ्यात जातात, किंवा पेंढ्या बांधून विकली जातात. गाई-म्हशी पाळणाऱ्या या जिल्ह्यात हिरव्या वैरणीला जानेवारीतही गिऱ्हाईक असतेच.