नापासांनी वसवलेलं गाव

कॅम्पस प्लेसमेंटची अट बहुतेकांना पाठ असते: दहावी, बारावी आणि इंजिनिअरिंग, तिन्हीकडे किमान 60 टक्के. त्याखालचा मुलगा टेस्टलाही बसत नाही. मग मुलाखतीत त्याला काय येतं हे कुणी विचारण्याचा प्रश्नच उरत नाही.

ही अट लावली असती, तर किर्लोस्करवाडी उभी राहिली नसती.

पुणे-मिरज लोहमार्गावरचं, सांगली जिल्ह्यातलं हे छोटंसं गाव. 1910 साली बेळगावच्या नगरपालिकेने लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांच्या कारखान्याची जागा सोडायला लावली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळची 32 एकर जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. जमीन म्हणजे निवडुंगाचं रान, त्यात साप. तिथे पंचवीसेक कामगार आणि त्यांची बायकामुलं येऊन राहिली, आणि लोखंडी नांगर बनू लागले.

पण मला नांगरापेक्षा माणसांचं जास्त कुतूहल वाटतं. लक्ष्मणरावांचे भाऊ रामूअण्णा शिक्षणात मागे पडलेले. गावाची आखणी आणि कारभार त्यांनी सांभाळला. शंभूराव जांभेकरांनी शाळा अर्धवट सोडली होती. काही अडलं की त्यांनाच बोलवायचे. अनंतराव फळणीकरांचंही शिक्षण अपुरं, पण डोकं यंत्रात चालायचं. के. के. कुलकर्णी शाळेत नापास. पुढे विक्रीपासून कोर्टकचेरीपर्यंत सगळं बघू लागले.

लक्ष्मणराव स्वतः चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले होते. रंगांधळेपणामुळे चित्रकला सुटली, पण यांत्रिक ड्रॉइंगला रंग लागत नाहीत. ते त्यांनी शिकून घेतलं, पुढे शिकवलंही. एक दार बंद झालं म्हणून माणूस संपत नाही, हे त्यांना स्वतःवरून कळलं असावं, असं मला वाटतं.

रात्रीच्या पहाऱ्याला कोण होतं? तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. दोघांनाही दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली. ज्यांच्यापासून राखण करायची, त्यांच्याच हाती राखण! आणि हे दोघे भरवशाचे पहारेकरी ठरले.

इथे मात्र मी थांबतो. बाकीच्यांच्या नावापुढे ‘राव’ आणि ‘अण्णा’ लागतं. या दोघांच्या नावापुढे जात लागते, पिऱ्याला तर साधं आदरार्थी नावही नाही. लक्ष्मणरावांनी वाडीत अस्पृश्यता पाळू दिली नाही. तरीही इतिहासात कोण कसं नोंदलं जातं, ते एका मालकाच्या चांगुलपणाने बदलत नाही. नापास झालेला कुलकर्णी मॅनेजर होतो. पिऱ्याच्या वाट्याला विश्वास येतो, पण काम पहाऱ्याचंच.

म्हणून ही गोष्ट ‘डिग्री गेली उडत’ अशा मोटिव्हेशनल रीलची नाही. या माणसांना काम आधी मिळालं, शिकायला वेळ मिळाला आणि त्यांची पारख मग झाली. आपण क्रम उलटा लावलाय. टक्क्यांची चाळणी सोयीची आहे, कारण तिला माणूस बघावाच लागत नाही.

आमच्या टीममध्ये ज्युनिअर घ्यायचे असले की रेझ्युमे माझ्याकडे येतात. टक्क्यांचा रकाना मी सगळ्यात शेवटी बघतो.