त्रेझेगे, डेव्हिड

(15 ऑक्टोबर 1977 – ). फ्रान्सचा निवृत्त आंतरराष्ट्रीय फुटबॉलपटू. आघाडीवीर म्हणून त्याने फ्रान्सकडून 71 सामन्यांत 34 गोल केले आणि इटलीतील युव्हेंटस क्लबसाठी दहा मोसमांत 171. विश्वचषक (1998) आणि युरोपीय अजिंक्यपद (2000) जिंकणाऱ्या फ्रेंच संघांत तो होता. व्यावसायिक कारकिर्दीत तो सर्वांत शेवटी खेळला तो एफसी पुणे सिटीकडून. या संघाचे घरचे मैदान होते मुळशी तालुक्यातील म्हाळुंगे आणि शेजारचे बालेवाडी यांच्या शिवेवरचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल.

त्याचा जन्म फ्रान्समधील रुआँ येथे झाला. वडील होर्हे त्रेझेगे हे अर्जेंटिनाचे बचावपटू. ते तेव्हा रुआँच्या संघाकडून खेळत होते. डेव्हिड लहान असतानाच कुटुंब मायदेशी परतले आणि त्याचे बालपण ब्युनोस आयर्स परिसरात गेले. तो फ्रान्ससाठी खेळला तरी त्याची भाषा, सवयी आणि फुटबॉलचे वेड अर्जेंटिनाचे होते. रिव्हर प्लेट हा त्याचा लहानपणापासूनचा आवडता संघ. 1994 मध्ये प्लातेन्से क्लबकडून त्याने व्यावसायिक फुटबॉलमध्ये पदार्पण केले आणि पुढच्याच वर्षी तो युरोपात गेला. पॅरिसच्या क्लबशी बोलणी फिसकटल्यावर मोनॅकोने त्याला घेतले.

मोनॅकोत झाँ तिगाना प्रशिक्षक होते, आणि थिएरी आँरी हा त्याच्याच वयाचा साथीदार. दोघांच्या खेळात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. आँरी चेंडू घेऊन धावायचा. त्रेझेगे चेंडू कुठे पडणार हे आधी ओळखून तिथे उभा असायचा. मार्च 1998 मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावर त्याने पाचव्याच मिनिटाला जोरकस फटक्याने गोल केला. सामना 1–1 बरोबरीत सुटला आणि प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावरील गोलाच्या नियमाने मोनॅको पुढे गेले. या क्लबबरोबर त्याने 1997 आणि 2000 अशी दोनदा फ्रेंच लीग जिंकली. दुसऱ्या खेपेस लीगमध्ये त्याचे 22 गोल होते.

फ्रान्सकडून तो पहिल्यांदा खेळला 28 जानेवारी 1998 रोजी, स्पेनविरुद्ध. पॅरिसजवळच्या स्ताद द फ्रान्स मैदानाचा तो उद्घाटनाचा सामना होता. त्याच वर्षीच्या विश्वचषकात त्याने सौदी अरेबियाविरुद्ध गोल केला. उपांत्यपूर्व फेरीत इटलीविरुद्धचा निकाल पेनल्टी शूटआउटवर गेला, तेव्हा विशीतल्या या पोराने आपली पेनल्टी शांतपणे जाळ्यात मारली. अंतिम सामन्यात त्याला मैदानात उतरायला मिळाले नाही.

त्याचे नाव जगभर पोचले ते 2 जुलै 2000 रोजी, रॉटरडॅममध्ये. युरोपीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात इटली 1–0 ने पुढे होती आणि इटलीच्या राखीव खेळाडूंनी जल्लोषाची तयारी केली होती. भरपाई वेळेत सिल्व्हाँ विल्तोरने बरोबरी साधली. जादा वेळेतल्या 103 व्या मिनिटाला रोबेर पिरेसने डाव्या बगलेतून बचावपटूंना चकवत चेंडू मागे वळवला. पेनल्टी क्षेत्रात त्रेझेगे मोकळा होता. त्याने चेंडू जमिनीवर टेकूच दिला नाही. उडत्या चेंडूवर डाव्या पायाने असा फटका लगावला की तो जाळ्याच्या वरच्या भागात घुसला. विल्तोर, पिरेस आणि त्रेझेगे तिघेही बदली खेळाडू म्हणून उतरलेले. तेव्हाच्या ‘गोल्डन गोल’ नियमानुसार पहिल्या गोलालाच सामना संपत असे, त्यामुळे इटलीला उत्तर द्यायला एक सेकंदही उरला नाही. हा नियम पुढे 2004 नंतर रद्द झाला.

त्याच उन्हाळ्यात तो इटलीत, युव्हेंटसकडे गेला. ज्या देशाचे मन मोडले त्याच देशाने त्याला आपलेसे केले. 2001–02 च्या मोसमात 24 गोल करून तो सेरी आ या इटलीच्या पहिल्या श्रेणीच्या लीगमध्ये दारिओ ह्युब्नरसह संयुक्त अव्वल ठरला, आणि त्या व पुढच्या वर्षी युव्हेंटसने विजेतेपद मिळवले. आलेस्सांद्रो देल पिएरोशी त्याची जोडी प्रतिस्पर्ध्यांना चांगलीच नकोशी झाली होती. त्रेझेगे फारसे ड्रिबलिंग करीत नसे, मैदानभर पळतही नसे. सामन्यात कित्येकदा तो दिसायचाच नाही. चेंडूला त्याचे जेमतेम दहा-पंधरा स्पर्श व्हायचे आणि त्यातला एक गोल असायचा. आडदांड बचावपटूच्या पाठीमागून अर्धे पाऊल पुढे सरकणे, दोन्ही पायांनी किंवा डोक्याने पहिल्याच स्पर्शात चेंडू वळवणे, ही त्याची खरी विद्या. अशा खेळाडूला आळशी म्हणणाऱ्यांनी त्याची गोलसंख्या पाहावी. युव्हेंटससाठी सर्वाधिक गोल करणारा परदेशी खेळाडू हा मान त्याने ओमार सिव्होरीला मागे टाकून मिळवला.

अपयशही मोठ्या मंचावरच वाट्याला आले. 2002 च्या विश्वचषकात आँरी, जिब्रिल सिसे आणि त्रेझेगे हे इंग्लंड, फ्रान्स व इटली या तीन लीगमधले सर्वाधिक गोल करणारे खेळाडू संघात असताना फ्रान्स एकही गोल न करता गटातच गारद झाले. 2003 च्या चॅम्पियन्स लीग अंतिम फेरीत मिलानविरुद्ध शूटआउटमध्ये त्याची पेनल्टी हुकली. आणि 9 जुलै 2006 रोजी बर्लिनमध्ये, विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, पुन्हा इटलीविरुद्ध, त्याचा फटका आडव्या दांडीला लागून रेषेबाहेर पडला. गोलमध्ये उभा होता युव्हेंटसमधला सहकारी जानलुइजी बुफॉन. शूटआउटमध्ये चुकलेली ही एकमेव पेनल्टी. इटली 5–3 ने जिंकली. त्रेझेगे म्हटले की आजही अनेकांना आधी ती दांडी आठवते. हा त्याच्यावर अन्याय आहे.

कारण त्याच उन्हाळ्यात त्याने जे केले ते अधिक मोलाचे आहे. पंच-नियुक्तीच्या घोटाळ्यात युव्हेंटसची 2005 आणि 2006 ची विजेतेपदे काढून घेण्यात आली आणि क्लबला दुसऱ्या श्रेणीत ढकलण्यात आले. अनेक नामवंतांनी क्लब सोडला. बुफॉन, देल पिएरो, नेदवेद आणि कामोरानेसी थांबले, तसा त्रेझेगेही थांबला. लहान गावांच्या मैदानांवर तो खेळला, 15 गोल केले, आणि दिदिए देशाँच्या मार्गदर्शनाखाली संघ एका वर्षात परतला. पुढच्या मोसमात पहिल्या श्रेणीत त्याने 20 गोल केले. देल पिएरोचा त्याहून एकच अधिक. तरीही 2008 च्या युरोपीय स्पर्धेसाठी प्रशिक्षक रेमाँ दोमेनेक यांनी त्याला वगळले, आणि त्याने आंतरराष्ट्रीय फुटबॉलला रामराम ठोकला.

2010 मध्ये युव्हेंटस सोडल्यावर तो स्पेनच्या एर्क्युलेसकडून (12 गोल) व थोडा काळ अबू धाबीच्या बानियासकडून खेळला. मग पुन्हा दुसरी श्रेणी. 2011 मध्ये रिव्हर प्लेटची इतिहासात प्रथमच घसरण झाली होती, आणि लहानपणीच्या संघाच्या हाकेला तो धावून गेला. 23 जून 2012 रोजी अल्मिरान्ते ब्राऊनविरुद्धचा सामना 2–0 जिंकून रिव्हर प्लेट पहिल्या श्रेणीत परतले. दोन्ही गोल त्रेझेगेचे होते. पुढे तो न्यूवेल्स ओल्ड बॉईजकडेही खेळला.

2014 मध्ये इंडियन सुपर लीगच्या पहिल्याच मोसमासाठी एफसी पुणे सिटीने त्याला आपला प्रमुख परदेशी खेळाडू म्हणून करारबद्ध केले. संघाचा इटलीतील फिओरेन्तिना क्लबशी सहकार्य करार होता आणि प्रशिक्षक होते फ्रांको कोलोम्बा. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेल्या बालेवाडीच्या मैदानावर पुणे-पिंपरीकरांना विश्वविजेता खेळाडू डोळ्यांदेखत पाहायला मिळाला. जो खेळाडू पहाटेपर्यंत जागून दूरचित्रवाणीवर पाहायचा, तो आता हाकेच्या अंतरावर होता. त्या मोसमात रॉटरडॅम आणि बर्लिनमधली माणसे जणू ठरवून भारतात जमली होती. सोनेरी गोलाचा पास देणारा पिरेस गोव्याकडे, देल पिएरो दिल्लीकडे, आणि बर्लिनच्या शूटआउटमध्ये त्रेझेगेच्या लगेच आधी पेनल्टी मारणारा मार्को मातेराझ्झी चेन्नईकडे. पुण्याचा पहिलाच सामना दिल्लीशी झाला. तो गोलशून्य बरोबरीत सुटला.

वय 37 होते आणि पायांतला वेग ओसरला होता. ऑक्टोबरमध्ये गोव्यावरच्या 2–0 विजयात त्याने गोल केला. एकंदर 9 सामन्यांत 2. पुणे आठ संघांत सहाव्या स्थानी राहिले. आकडे किरकोळ आहेत, हे मान्य. पण पेनल्टी क्षेत्रात कुठे उभे राहायचे हे शिकणाऱ्या पुण्याच्या मुलांना याहून चांगला धडा मिळणे कठीण होते. हा क्लब 2019 मध्ये बंद झाला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादने घेतली.

जानेवारी 2015 मध्ये त्रेझेगेने निवृत्ती जाहीर केली आणि युव्हेंटसमध्येच परतून क्लबचे प्रतिनिधित्व व माजी दिग्गजांच्या उपक्रमाची जबाबदारी स्वीकारली. पेले यांनी 2004 मध्ये फिफासाठी निवडलेल्या थोर खेळाडूंच्या यादीतही त्याचे नाव आहे.