टपालापासून मोबाईलपर्यंत : घरबसल्या शिक्षणाचा इतिहास



मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे महाविद्यालये बंद झाली आणि तास मोबाईलवर सुरू झाले. तेव्हापासून 'ऑनलाइन शिकून काही येते का ?' हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. प्रश्न रास्त आहे, परंतु नवा नाही. शिक्षक एका गावी व विद्यार्थी दुसऱ्या गावी, ही व्यवस्था पावणेदोनशे वर्षांहून अधिक जुनी आहे. तिचा इतिहास पाहिला तर या प्रश्नाचे उत्तर पुष्कळसे सापडते.

१८४० साली ब्रिटनमध्ये एका पेनीत देशात कोठेही पत्र पाठविण्याची सोय झाली. त्याच वर्षी आयझॅक पिटमन या शिक्षकाने लघुलिपीचे, म्हणजे शॉर्टहँडचे, धडे टपालाने देण्यास प्रारंभ केला. विद्यार्थी उतारा लघुलिपीत लिहून पाठवी आणि चुका दुरुस्त होऊन तो कागद त्याच्याकडे परत येई. या पद्धतीचा प्राण त्या परत येणाऱ्या कागदात होता. धडा तर छापील पुस्तकातही मिळतो. पण आपली चूक कोठे झाली, हे पुस्तक सांगू शकत नाही.

पुढे १८५८ साली लंडन विद्यापीठाने कोठेही शिकलेल्या विद्यार्थ्यास आपल्या पदवी परीक्षेस बसण्याची मुभा दिली. दार उघडले, मात्र विद्यापीठ केवळ परीक्षा घेई, तयारीचा सारा भार विद्यार्थ्यावर असे. शंभराहून अधिक वर्षांनी, १९६९ साली, ब्रिटनमध्ये मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा ही उणीव मोठ्या प्रमाणावर भरून निघाली. जानेवारी १९७१ मध्ये तेथे पहिले २४-२५ हजार विद्यार्थी शिकू लागले. प्रवेशासाठी पूर्वीची कोणतीही परीक्षा उत्तीर्ण असण्याची अट नव्हती. बीबीसीवरून व्याख्याने होत, म्हणून अनेकांना ते दूरचित्रवाणीचे विद्यापीठ वाटे. वस्तुतः त्याचा मुख्य आधार निराळा होता : टपालाने येणारे पाठ, लिहिलेल्या उत्तरांवर शेरे देऊन ती परत करणारा शिक्षक, अभ्यासकेंद्रातील भेटी आणि उन्हाळी वर्ग.

आपल्या देशात दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केला. १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. नाशिकच्या विद्यापीठाने मराठीतून पाठ्यपुस्तके काढली, ठिकठिकाणी अभ्यासकेंद्रे उघडली आणि शाळा अर्धवट सुटलेल्यांसाठी पूर्वतयारी परीक्षेची वाट ठेवली. नोकरीमुळे किंवा लग्नामुळे शिक्षण थांबलेल्या माणसाला ही वाट किती मोलाची, हे ज्याचे त्यालाच ठाऊक.

यानंतर इंटरनेट आले. २०११ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकविणाऱ्या दोघांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम सर्वांसाठी विनामूल्य खुला केला. सुमारे १ लाख ६० हजार लोकांनी नावे नोंदविली. अभ्यासक्रम पुरा केला तो सात-आठ जणांत एकाने. काहींनी केवळ कुतूहलाने नाव घातले असेल. तरीही एक गोष्ट उघड आहे. व्याख्याते नामांकित होते, साधने उत्तम होती, फीही नव्हती. परंतु एवढ्या गर्दीत एकेकाची वही पाहून 'तू मागे का पडलास?' असे विचारणार कोण ?

या साऱ्या इतिहासाचे तात्पर्य हेच, की साधन बदलते, शिकण्याचा नियम बदलत नाही. टपाल असो वा मोबाईल, विद्यार्थ्याने स्वतः काही लिहिले, ते कोणी तपासले आणि ते वेळेवर परत मिळाले, तरच विद्या पदरात पडते.

म्हणून आम्हां शिक्षकांचे काम तासभर बोलून संपत नाही. थोडे शिकवावे, लगेच प्रश्न द्यावा आणि आठवड्याच्या आत उत्तर तपासून द्यावे. विद्यार्थी मित्रांनो, व्हिडिओ नुसता पाहू नका. तो थांबवा, वही उघडा आणि जे समजले ते न पाहता लिहून काढा. अडेल तेथे त्याच दिवशी विचारा. वेळ ठरलेली ठेवा. 'केव्हाही पाहता येईल' असा पाठ बहुधा कधीच पाहिला जात नाही.

आणि पालकहो, आपल्याकडून दोनच गोष्टी हव्यात : घरातला एक शांत कोपरा आणि ठरलेला एक तास. घरात मोबाईल एकच असेल, तर तो तासाच्या वेळी मुलाइतकाच मुलीच्याही हाती द्या. त्या तासात तिला स्वयंपाकघरातून हाक मारू नका. ती घरात दिसते, म्हणून ती रिकामी आहे असे नव्हे. ती त्या वेळी कॉलेजात आहे, एवढे ध्यानात ठेवावे, हीच विनंती.